पाळकीणबाईंची वही

आईची हिशेबाची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या खतावणीसारखी लांबट. साल १९७१ ते ७४. अप्पा तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावी पाळक होते आणि त्यामुळे आई पाळकीणबाई. वहीतल्या नोंदी अशा: ‘बुधवार. दुपारी पाहुणे ४. साखर पावशेर. रात्री कोपऱ्यावरची सून आली, मूल तापलेले, दूध व अर्धी गोळी दिली.’ चार वर्षांच्या या वहीत आईनं फक्त स्वतःसाठी केलेला खर्च मला एकदाच सापडला. चपलेचा अंगठा, २५ पैसे.

मिशनच्या घरांतल्या बायकांची पत्रं, रोजनिश्या आणि हिशेब वाचणं हा गेली तीस वर्षं माझा उद्योग आहे. कॉलेजात इतिहास शिकवायचे तेव्हा सहकारी विचारायचे, ‘त्यात काय मिळतं?’ मिशनच्या इतिहासात बिशप, भाषांतरं आणि वादविवाद असतात. चहा किती कप झाला हे कोण लिहितं? पण चहा झाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, हे पाळकाच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आपल्याकडं लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं म्हणून रेव्हरंड टिळकांच्या घरातली चूल मराठी वाचकाला ठाऊक आहे. बाकीच्या चुली विझल्या त्या विझल्याच.

या कामात मी एका बेटाच्या नादी लागले. त्याचं नाव ट्रिस्टन दा कुन्या.

दक्षिण अटलांटिक समुद्रात, केपटाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटरवर, हा एक ज्वालामुखी पाण्यातून वर आलेला आहे. उंची २,००० मीटरहून थोडी जास्त, रुंदी जेमतेम बारा किलोमीटर. वायव्येच्या किनाऱ्याला जी थोडी सपाट पट्टी आहे तेवढ्यावर वस्ती. १८१६ साली इंग्रजांनी तिथं शिबंदी ठेवली, वर्षभरात ती परत बोलावली, पण विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल बायकामुलांसह मागं राहिला. त्याच्याबरोबर दोघं जण राहिले, पुढं कुणी जहाज फुटून आले, कुणी जहाज सोडून आले. १८२७ साली तिथल्या अविवाहित पुरुषांसाठी सेंट हेलेनाहून पाच बायका आणल्या गेल्या. अलीकडच्या काळात ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हॅगन, लव्हारेलो आणि रेपेटो अशा मोजून सात आडनावांनी अख्खी वस्ती व्यापलेली होती. आमच्या गावची ख्रिस्ती आळीही साधारण एवढीच होती, म्हणून ही संख्या वाचून मी चमकले नाही. सात आडनावांत किती रुसवे मावतात ते मी लहानपणी पाहिलेलं आहे.

या बेटाचा धागा मुंबईलाही येऊन मिळतो. १८२१ साली ‘ब्लेंडेन हॉल’ नावाचं जहाज इंग्लंडहून मुंबईला निघालं आणि ट्रिस्टनच्या शेजारच्या इनॲक्सेसिबल बेटावर फुटलं. नावच सांगतं, तिथं उतरणं दुर्घट. ऐंशीहून अधिक माणसं काही महिने पेंग्विनची अंडी आणि सीलचं मांस खाऊन जगली. शेवटी ट्रिस्टनच्या लोकांनी होड्या घालून त्यांना सोडवलं. वाचलेल्यांत एक लहान मुलगी होती. ती मोठी झाली, तिचा मुलगा ग्रॅहॅम बॅरो पाद्री झाला, आणि ट्रिस्टनला पाळक हवा आहे असं कळल्यावर आईला वाचवणाऱ्या लोकांकडे तो १९०६ साली बायकोला घेऊन गेला. म्हणजे कॅथरीन बॅरो या बाई एका अर्थी सासूबाईंचं ऋण फेडायला गेल्या. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. सासरचं देणं सुनेनं फेडायचं, ही रीत अटलांटिकमध्येही होती तर.

कॅथरीनबाई तिथं तीन वर्षं राहिल्या आणि रोजच्या रोज लिहीत गेल्या. १९१० साली त्याचं पुस्तक निघालं, ‘ट्रिस्टन दा कुन्यातील तीन वर्षं’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं. त्याच्या शीर्षकपानावर लेखिकेच्या नावाखाली अमक्या रेव्हरंडांची पत्नी अशी ओळख आहे. माझ्या मते मिशनच्या सगळ्या कागदपत्रांची किल्ली या एका ओळीत आहे. नेमणूक एकाची, पगार एकाचा आणि कामाला दोघं. इंग्लंडातल्या ज्या संस्थेनं बॅरोंना पाठवलं तिचं नाव एस.पी.जी.; हीच संस्था आमच्या नगर जिल्ह्यातही काम करत होती. बाईमाणसाला कामाला धरायचं आणि हिशेबात धरायचं नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ना, तसंच. आणि इथं तर घर कुठं संपतं आणि लष्कर कुठं सुरू होतं तेही कळत नाही.

ते घर पाहू. काळ्या ज्वालामुखी दगडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, तुळया बहुतेक फुटलेल्या जहाजांच्या. वारा असा की छप्पर कधी जाईल याची खात्री नाही. बेटावर वेगळं देऊळ नव्हतं. सेंट मेरीचं देऊळ उभं राहिलं ते १९२३ साली. तोवर उपासना कुणाच्या तरी घरात आणि शाळाही घरातच. डॉक्टर तर नव्हताच. पाळकाच्या घरातली औषधांची पेटी हाच दवाखाना, आणि पेटी घरात असली की दुखणाईत कधीही दार वाजवणार. सकाळी मुलांची अक्षरं, दुपारी मुलींचं शिवणटिपण, मध्येच कुणाचा भाजलेला हात, संध्याकाळी चार माणसं नुसतीच येऊन बसलेली. काही काम नसताना येऊन बसणाऱ्या माणसाला उठवता येत नाही. आमच्या घरीही ओसरीवर अशी माणसं बसत. आई त्यांच्यासमोर तांदूळ निवडत राहायची. हातात काम असलं की बोलावं लागत नाही, ही युक्ती तिनं मला फार उशिरा सांगितली.

खाण्याचं विचाराल तर बटाटा. वस्तीपासून तीन-चार किलोमीटरवर दगडी कुंपणं घातलेली बटाट्याची शेतं आहेत, आणि बेटाचा सगळा जीव त्यांत. सोबत मासे, अंडी, दूध, जमलं तर मांस. पीठ, साखर, चहा ही जहाजाची कृपा. १८८२ साली फुटलेल्या एका जहाजातून उंदीर उतरले तेव्हापासून धान्य पिकवण्यात राम राहिला नव्हता. अशा ठिकाणी पाळकाच्या बायकोला मंडळी जे आणून देतात त्याचा हिशेब फार नाजूक. एकीनं दूध आणलं, दुसरीनं अंडी, तिसरीकडे द्यायला काही नाही म्हणून ती पाठ फिरवून जाते. परत काय द्यायचं, किती द्यायचं, कुणासमोर द्यायचं? कुठल्याही धर्मशास्त्राच्या शाळेत हे शिकवत नाहीत. आईच्या वहीत काही नोंदींपुढे बारीक फुली असे. कितीतरी वर्षांनी मला उलगडा झाला: ज्यांचं आलेलं अजून फिटलेलं नाही, त्या या फुल्या. अप्पांना त्या फुल्यांचा पत्ताच नव्हता. अप्पा प्रवचनात कृपेविषयी बोलायचे, उसनवारी आई सांभाळायची.

आणि मैत्रीण करता येत नाही. पाळकीणबाईच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड दुखणं कुठलं, असं मला विचारलं तर मी हेच सांगीन. बॅरो गेले तेव्हा ट्रिस्टनवर पाऊणशेच्या आसपास माणसं होती, म्हणजे बायका किती ते तुम्हीच मोजा. त्यांतल्या एकीकडे दोनदा जाऊन बसलं की तिसऱ्या दिवशी गावभर होतं. आई एका शिक्षिकेकडे स्वेटरची वीण शिकायला जायची. महिन्याभरात अप्पांना कमिटीत सुचवण्यात आलं, की बाईंनी सगळ्यांना सारखं धरावं. वीण अर्धी राहिली. तो अर्धा स्वेटर पुढं माझ्या बाहुलीच्या अंथरुणात गेला.

विणकामाचा विषय निघाला म्हणून सांगते. ट्रिस्टनच्या बायका मेंढीची लोकर पिंजून, सूत काढून पांढरे पायमोजे विणत. मोज्याच्या वरच्या काठाला रंगीत पट्टे. ज्याच्यावर मन आहे त्याच्या मोज्याला पट्टे जास्त. माया जितकी वाढेल तितके पट्टे. सगळं बेट ते पट्टे मोजणार! बोलून दाखवायची सोय नाही आणि लपवायचीही नाही. पाळकीणबाईंना कुणी असे मोजे दिले तर पट्टे किती असावेत, हा प्रश्न मला फार वर्षं छळतो आहे.

बेटावर दिवस घड्याळानं चालत नसे, हवेनं चालत असे. आणि हवेच्याही वर एक गोष्ट होती, ती म्हणजे ‘सेल हो!’ ही हाळी. क्षितिजावर शीड दिसलं की कुणीतरी ओरडे आणि बेटाचं काम जागच्या जागी थांबे. शाळा सुटे. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेल्या होड्या पुरुष पाण्यात लोटत. जहाज थांबेल की नाही याची शाश्वती नाही, थांबलं तरी फार वेळ थांबणार नाही. पत्रं द्यायची ती आत्ताच. म्हणून पाळकीणबाईंची पत्रं नेहमी तयार, फक्त शेवटची ओळ लिहायची राहिलेली. उत्तर कधी येईल? पुढच्या जहाजानं. पुढचं जहाज कधी? यावर बेटावर कुणी बोलत नसे. आणि होड्या गेल्या की त्या परत दिसेपर्यंत बायका किनाऱ्यावर. १८८५ सालच्या नोव्हेंबरात एका जहाजाला गाठायला गेलेली होडी परत आलीच नाही. पंधरा पुरुष गेले. कॅथरीनबाई ज्या म्हाताऱ्यांना भेटायला जात त्यांतल्या कितीतरी जणींनी तो दिवस पाहिलेला होता.

त्या अपघाताच्या वेळी बेटावर पाळक नव्हता. एडविन डॉजसन नावाचे पाद्री आदल्याच वर्षी परत गेले होते. अपघाताची बातमी ऐकून ते पुन्हा आले आणि १८८९ पर्यंत राहिले. ‘ॲलिस’वाल्या लुईस कॅरोलचे हे धाकटे भाऊ. एकटा माणूस, बेटावर विधवाच विधवा. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्या काळात शिवणाची शाळा कुणाच्या मेजावर भरली आणि रात्री बाळंतिणीजवळ कोण बसलं, हे मला सापडलेल्या कागदांत कुठं नाही. ते लिहिणारी त्या घरात नव्हती.

बॅरो १९०९ साली परतले. त्यानंतर १९२२ पर्यंत, तेरा वर्षं, बेटाला पाळक मिळाला नाही. मधलं महायुद्ध संपल्याचं वर्तमानसुद्धा १९१९ साली एका युद्धनौकेनं आणलं. १९२२ साली हेन्री मार्टिन रॉजर्स आणि त्यांची तरुण पत्नी रोझ आले. बेटावरच्या रॉजर्सांशी त्यांचा नात्याचा काही संबंध नाही, आडनाव तेवढं जुळलं. वस्ती आता सव्वाशेच्या घरात गेली होती. देऊळ बांधलं ते याच जोडप्याच्या काळात. तीन वर्षांनी दोघं परतली आणि लवकरच नवरा वारला. रोझबाईंनी १९२६ साली ‘एकाकी बेट’ अशा अर्थाच्या नावानं पुस्तक काढलं, आणि त्यावर त्यांची ओळख अमक्या मिशनऱ्याची विधवा अशी छापली. सोळा वर्षांत पुस्तकं दोन. एक पत्नीचं, एक विधवेचं. देवळाच्या बांधणीचं श्रेय रेव्हरंडांना मिळालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बांधणाऱ्या माणसांना जेवण कुणी घातलं एवढंच मी विचारते.

ट्रिस्टन आजही आहे. विमानतळ नाही, केपटाउनहून बोटीनं सुमारे आठवडा लागतो. लोकवस्ती अडीचशेच्या आत.

माझ्या कपाटात आता एकतीस वह्या आहेत. बहुतेक नगर, सोलापूर आणि जालना या बाजूच्या. दोन वह्या रद्दीवाल्याच्या तराजूतून उचललेल्या आहेत, किलोच्या भावानं. एकीत फक्त बाळंतपणांच्या तारखा, एकीत धुलाईचा हिशेब आणि मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं ‘आज कुणी आले नाही’. तुमच्या घरी एखाद्या आजीची, मावशीची, आत्याची अशी वही असेल, ती पाळकाच्या घरातली असो, मठातली असो की कीर्तनकाराच्या घरातली, तर दिवाळीची साफसफाई करताना रद्दीत घालू नका. अक्षर लागत नसलं तरी चालेल, निम्मी पानं फाटलेली असली तरी चालेल. नुसता किराणा असला तर फारच उत्तम. अंकाच्या पत्त्यावर कळवा, मी येऊन घेऊन जाईन, आणि वाचून झाली की परत आणून देईन.