पहाटे तीनच्या बाजारासाठी लेन्स

वाशीच्या भाजीबाजारात फ्लॅश वापरायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पाठीवर गोणी घेऊन माणूस ट्रकच्या फळीवरून खाली उतरत असतो. अशा वेळी त्याच्या डोळ्यांवर लखलखाट करणं म्हणजे त्याच्या पायांशी खेळणं. तेव्हा गाळ्यात जो काही उजेड असेल, त्यातच भागवायचं. लेन्सची सगळी शोधाशोध या एका अटीतून सुरू झाली.

मी कोपरखैरण्याला राहतो. आमच्या भागात माथाडी कामगारांची घरं पुष्कळ. बहुतेक मंडळी सातारा, सांगली, पुण्याकडची. शेजारचे काका जावळीचे. १९९६ मध्ये भायखळ्याचा भाजीबाजार वाशीला आला, तेव्हा तेही बाजाराबरोबर इकडं आले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि अंगमेहनतीच्या कामाला मजुरीची, फंडाची हमी मिळाली, हे ते घरच्या गोष्टीसारखं सांगतात. काकांच्या पिढीतले बरेच जण आता निवृत्त होतायत. मुलं या कामाकडं वळत नाहीत, आणि वळू नयेत असंच त्यांना वाटतं. ही माणसं कामावर असतानाच त्यांचे फोटो व्हायला हवेत, असं मला मनापासून वाटत होतं.

पण त्यांचं काम चालतं रात्री. बारा वाजून गेले की नाशिक, पुण्याकडच्या गाड्या धक्क्याला लागतात आणि तीन-चारच्या सुमाराला बाजार ऐन भरात येतो. गाळ्याच्या तोंडाशी दिवा लख्ख असतो. दोन पावलं मागं, जिथं थप्पी लागते, तिथं माणसाचा अर्धा चेहरा काळोखात असतो. माझ्याकडं निकॉनची लहान सेन्सरची बॉडी आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ होती. पस्तीसपाशी तिचं अ‍ॅपर्चर जेमतेम एफ ४.५ इतकं उघडायचं. आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/२० वर यायचं आणि चालता माणूस फरकाटून जायचा. एफ १.८ ची लेन्स त्याच्या सव्वासहापट उजेड आत घेते. म्हणजे त्याच जागी, त्याच आयएसओला १/१२५. गोणीखाली वाकलेला माणूस एवढ्यात स्वच्छ येतो.

एफ १.८ नक्की झालं. प्रश्न राहिला पन्नास की पस्तीस हा. ‘पन्नास घे, डोळे झाकून घे,’ असं सगळे सांगत होते. फिल्मच्या काळात तो सल्ला बरोबरच होता. ३५ मिलिमीटर फिल्मवर पन्नासची लेन्स हीच स्टँडर्ड. लहान सेन्सरवर मात्र तीच पन्नास पंचाहत्तरसारखं अरुंद दाखवते आणि स्टँडर्डचं काम पस्तीस करते. हा हिशेब कागदावर पटत होता, पण निर्णय झाला तो गाळ्यांमधल्या वाटेवर. माणूस पाठीवरच्या ओझ्यासकट, पायांपासून वरपर्यंत उभ्या चौकटीत बसवायचा तर पस्तीसला साधारण तीन मीटर मागं सरावं लागतं, पन्नासला सव्वाचार. त्या जादा सव्वा मीटरमध्ये बाजार घुसतो. हातगाडी येते, कोथिंबिरीच्या जुड्या डोक्यावर घेतलेली मावशी येते, पावतीपुस्तक हलवत अडत्याचा मुलगा येतो. शिवाय चार मीटरवरून आपण लांबून टिपणारे होतो. तीन मीटरवर काकांच्या जोडीदाराचं ‘बाजूला हो रं पोरा’ ऐकू येतं आणि पटकन सरकता येतं.

फोर्टात बोरा बाजारात जाऊन ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स घेतली. वजन दोनशे ग्रॅम. या लेन्सची मोटर लेन्समध्येच आहे. माझ्या बॉडीत मोटर नाही, त्यामुळं जुनी, ‘डी’ मालिकेतली स्वस्त पन्नास तिच्यावर आपोआप फोकस करत नाही. अंधारात हातानं फोकस करत बसणं या बाजारात परवडणारं नव्हतं.

एफ १.४ चा मोह होताच. तिथं दीडपटीहून थोडा जास्त उजेड मिळतो, पैसे मात्र कितीतरी जास्त मोजावे लागतात. पण मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. दोन मीटरवरून पन्नासच्या एफ १.४ ने चेहरा टिपला, तर धारदार येणारी जागा जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर खोल असते. डोळे मिळाले तर कान सुटतो, कानामागं मानेवर टेकलेली गोणी तर सुटतेच. मला ती मान हवी होती. स्टॅनली कुब्रिकनं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ ०.७ लेन्सनं मेणबत्तीच्या उजेडात प्रसंग चित्रित केले. ते मी थक्क होऊन पाहिलेत, पण तिथले नट टेबलाशी स्थिर बसलेले असतात. काका थांबत नाहीत. थांबा म्हणायचा मला हक्कही नाही. त्यांची मजुरी उचललेल्या मालावर असते.

आता मी बहुतेक वेळा एफ २ वर आणि शटर १/१०० वर ठेवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/१०० ला एक फेरा पुरा पकडला जातो आणि फोटोवर काळपट पट्टे येत नाहीत. गाळ्यातल्या स्वस्त एलईडींखाली हे फार उपयोगी पडतं.

पहिला मोठा प्रिंट काकांना दिला. त्यांनी चष्मा लावून आधी स्वतःला नाही, मागच्या थप्पीकडं पाहिलं. म्हणाले, ‘ही गवारीची दिसतीय. नीट लावलीय बघ, एक गोणी कलली नाही. ही आमच्याच टोळीनं लावलेली.’ मग जोडीदारासाठी आणखी एक प्रत मागितली, आणि एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या यायला लागल्या की फळबाजारात कुणाला भेटायचं तेही सांगितलं.