जाम झालेले इंजिन

जुनी मोटार घेणाऱ्या कुटुंबाची पुंजी तीत गुंतलेली असते. म्हणून ‘इंजिन गेले’ हा निकाल घाईने स्वीकारू नये. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; माझ्या जुन्या अँबॅसडरविषयी असा निकाल मिळताच मी क्रमाने तपास केला. बॅटरी ठीक होती. गिअर न्यूट्रलमध्ये असूनही हँडल फिरेना. अडकलेला स्टार्टरही इंजिन रोखतो, म्हणून तो उतरवला, तरी तेच. अखेर चारही स्पार्क प्लग काढले. हँडल फिरले आणि एका छिद्रातून पाणी उसळले! हेड गॅस्केटमधून रेडिएटरचे पाणी आत शिरले होते. पाणी दाबले जात नाही, म्हणून दट्ट्या अडला होता. प्लग न काढता जोर लावला असता, तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका होता. आधी निदान, मग निकाल, हेच शहाणपणाचे.