दोष कॅमेऱ्याचा नसतो

आज जुना डिजिटल कॅमेरा सुरू केला. लेन्स अर्धी बाहेर आली आणि सगळं बंद. सेल मात्र नवे कोरे.

अशा वेळी कॅमेराच बिघडला असं समजून लोक तो भंगारात देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण बहुधा सेलमध्येच असतं. घड्याळात वर्षभर चालणारा साधा झिंक-कार्बन सेल १.५ व्होल्टचा असतो. पण लेन्सची मोटर आणि फ्लॅश एकदम जास्त करंट मागतात, तेव्हा त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि कॅमेरा स्वतःला बंद करतो. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच, तरी त्या भाराखाली ते टिकून राहतात.

दुसरा संशयित म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या काळवंडतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलकेच पुसाव्यात. तारीख पुन्हा पुन्हा पुसली जात असेल, तर आतली छोटी बॅकअप बॅटरी थकलेली असते. लिथियम-आयन बॅटरी फुगली असेल, तर ती चार्ज न करता ई-कचऱ्यातच द्यावी.

जुनी यंत्रं इतक्या लवकर मोडीत काढू नका. आधी सेल बदलून पाहा.