सात नंबरची काठी

आमचे अण्णा पुण्याला गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. चौथीनंतर शाळा सुटली, पण यार्डांचा हिशेब तोंडपाठ. या लोखंडी काठ्यांची, म्हणजे आयर्नची, मौज अशी की आकडा वाढला की अंतर घटते. पाते जितके कललेले, तितका चेंडू वर चढतो आणि पुढे कमी जातो.

साहेबलोकांत वाद एकच : सात नंबरने किती मारता? अमेरिकेतले व्यावसायिक पुरुष सुमारे १७० यार्ड मारतात, स्त्रिया १४०. आमच्याकडचे हौशी गृहस्थही छातीठोकपणे १७० सांगतात! त्यातून हल्लीच्या सात नंबरचे पाते पूर्वीच्या सहाइतके, कधी पाचाइतके उभे असते. आकडा तोच, काठी निराळी.

अंतराला किंमत नाही असे मी म्हणणार नाही. लांब मारणाऱ्याला पुढच्या फटक्याला छोटी काठी पुरते, आणि छोटीने नेम बरा बसतो. पण २००७ साली झॅक जॉन्सनने ऑगस्टाची मास्टर्स जिंकली, ती पार-पाचच्या एकाही होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायला न जाता. त्या सोळा खेपांत त्याने पारपेक्षा अकरा फटके वाचवले. हे अण्णांना वाचून दाखवले, तर म्हणाले, "म्हणजे तिसरा फटका हातातल्या अंतराचा ठेवत होता."

गेल्या महिन्यात एका साहेबांना अण्णांनी सहा सुचवली. त्यांनी सातच मागितली. चेंडू वाळूत पडला, बोलणी अण्णांनी खाल्ली, बक्षिसी बुडाली. माझ्या परीक्षेच्या फीत तेवढे कमी पडले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच साहेबांना, अण्णा पुन्हा सहाच सुचवून आले.