एंटर दाबण्याआधी



परवा नातू माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकत होता. पडद्यावर एकेक प्रश्न येत होता. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, वेळ कुठली? वेळेच्या यादीत आपलं हैदराबाद नाही, कोलकाताच निवडायचं. तो धडाधड पुढे जात होता. मी म्हटलं, "थांब रे, वाचू तरी दे." तर म्हणतो, "आजोबा, डीफॉल्ट बरोबरच असतं!"

हे वाक्य ऐकलं आणि १९९७ साल आठवलं.

तेव्हा मी तारनाक्याच्या शाखेत होतो. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत आधी लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग नव्वदीत अख्ख्या शाखा संगणकावर जाऊ लागल्या. आमचा नंबर लागला. पॅकेज बसवायला एक तरुण मुलगा आला. तो पडद्यावरचे प्रश्न वाचायचा, मी उत्तरं द्यायचो. रात्रीचे नऊ वाजून गेले. शेवटी मीच म्हणालो, "बाकीचं आहे तसं ठेवा." त्याने एंटर, एंटर, एंटर केलं.

त्यातला एक प्रश्न होता बचत खात्याच्या व्याजाचा. तेव्हा नियम असा, की महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायची. पॅकेजमध्ये आधीपासून होती १ तारीख.

पुढे महिनाभर लेजर आणि संगणक दोन्ही चालवले. शिल्लक रोज टॅली व्हायची, आम्ही खूश. पण व्याज सहामाहीला लागायचं, ते कुणी ताडून पाहिलंच नाही.

सहामाही झाली. एक वयस्कर तेलुगू अम्मा पासबुक घेऊन काउंटरवर आल्या. मुलाने पाठवलेले हजार रुपये त्या दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायच्या, नातीच्या लग्नासाठी. म्हणाल्या, "सार, व्याज कमी आहे." मी न बघताच म्हणालो, "अम्मा, कॉम्प्युटर चुकत नाही."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. पेन्सिलीने महिनावार हिशोब मांडला होता. सहा भरण्यांवर एकेका महिन्याचं व्याज गेलं होतं. साडेचार टक्क्यांनी साडेबावीस रुपये. हिशोब अगदी चोख! मी बी.कॉम., पण आकडेमोड त्यांच्याकडून शिकलो.

"कॉम्प्युटरला सांगितलं कुणी?" त्यांनी शांतपणे विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

रविवारी दोघा क्लार्कना घेऊन बसलो. पगार, पेन्शन सगळं पहिल्या आठवड्यात जमा होणारी वस्ती ही, त्यामुळे शेकडो खात्यांत फरक निघाला. कुणाचे चार रुपये, कुणाचे चाळीस. वरिष्ठांना चूक माझी म्हणून लिहून दिलं, बोलणी खाल्ली, आणि प्रत्येक खात्यात फरक जमा केला. अम्मांखेरीज एकानेही तक्रार केली नव्हती. तेच मला जास्त लागलं. लोकांनी आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

१ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मिळू लागलं, दहा तारखेची भानगडच संपली. माझी सवय मात्र राहिली. नातवाला हे सांगितल्यावर तो दोन पडदे मागे गेला. कीबोर्ड अमेरिकन निवडला गेला होता, मराठी राहूनच गेला होता!

आपल्यापैकी कुणी त्या काळात बँकेत होतं का? आठवणी जरूर लिहा.