बाटलीतले सत्तावीस खडे

बरगीनगर, जि. जबलपूर

चिरंजीव बाळ,

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, गॉलब्लॅडरला मराठीत काय म्हणतात?" आणि लगेच, "आजीच्या कपाटात ती खड्यांची बाटली असायची, ती कसली गं?" तिकडच्या डॉक्टरांनी तुला ऑपरेशन करून घ्यायला सांगितलंय, हे या दोन प्रश्नांच्या मधे तू घाईघाईत उरकलंस. फोन ठेवल्यावर मावशीला रात्रभर झोप लागली नाही. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पित्ताशय. आजी 'पित्ताची पिशवी' म्हणायची, शेजारच्या बायका 'पित्त की थैली'. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पत्रच हवं.

साल 77 असेल, नाहीतर 78. बरगी धरणाचं काम 1974 मध्ये सुरू झालेलं, तुझे आजोबा तिथे ओव्हरसिअर, बिऱ्हाड बरगी गावात भाड्याच्या दोन खोल्यांत. आजीला रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि ती पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत जायची. वर्षभर सगळे 'पित्त झालंय' म्हणत राहिले. आमसुलाचं सार झालं, आलेपाक झाला. एका डॉक्टरांनी तर पोटाला हातही न लावता आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. मग पावसाळ्यातल्या एका रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला, आणि सकाळी पाहिलं तर डोळे हळदीसारखे पिवळे.

जबलपूरला न्यायचं तर छोटी लाईन. बरगीहून जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनला जाणारी, कोळशाच्या इंजिनाची. तुझी आई तेव्हा नऊ वर्षांची. चुलीत तापवलेली वीट आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आजीच्या पोटाशी धरायची, एवढंच काम तिच्याकडे होतं. अर्ध्या वाटेत वीट गार झाली आणि ती रडायला लागली. मधल्या एका स्टेशनावर गाडी थांबली होती. इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला होता, त्याच्या कानावर तिचं "आई, वीट गार झाली गं" पडलं. गोंदियाचा माणूस. "कुठले तुम्ही?" असं त्याने मराठीत विचारलं, आजोबांच्या हातातला तांब्या घेतला आणि इंजिनातलं कढत पाणी भरून आणून दिलं. त्या तांब्यावर फडकं गुंडाळून आजी हाऊबागपर्यंत पोचली. ऑपरेशनची तारीख घरात कुणालाच आठवत नाही. तांब्या मात्र अजून तुझ्या आईच्या देवघरात आहे.

ऑपरेशन पोट उघडून झालं. बरगडीच्या खालून तिरका, वीतभर छेद. पुढे कित्येक दिवस पोटातून रबरी नळी बाहेर काढलेली, तिचं टोक बाटलीत आणि बाटलीत हिरवट पिवळं पित्त. कागदावर सही आजोबांची. नक्की काय काढणार, हे आजीला कुणीही सांगितलं नव्हतं. ती शुद्धीवर आल्यावर कंपाउंडरने इंजेक्शनची रिकामी बाटली तिच्या हातात ठेवली. आत सत्तावीस खडे, तपकिरी, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. तिच्या आजाराबद्दल तिला मिळालेली माहिती ती एवढीच. दर दिवाळीला कपाट आवरताना ती ते मोजायची.

बाळ, हे सगळं सांगायचं कारण असं की तू विचारून घे. आजीला विचारता आलं नाही, तुला येतं.

पित्त तयार होतं यकृतात. पिशवी ते नुसतं साठवते, घट्ट करते आणि तेलकट-तुपकट पोटात गेलं की आतड्यात सोडते. त्यामुळे पिशवी काढली तरी पित्त बनतच राहतं आणि थेंब थेंब थेट आतड्यात उतरतं. काही जणांना काही आठवडे पातळ शौचाला होतं, बहुतेकांचं पुढे सुरळीत होतं. नुसते खडे काढून का भागत नाही, तर ज्या पिशवीत ते झाले तिथेच पुन्हा होतात. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी 1882 च्या जुलैत पहिल्यांदा अख्खी पिशवी काढली, ती याच विचाराने. आणि मूत्रपिंडाच्या पथरीशी याची गल्लत करू नकोस. भरपूर पाणी पिऊन हे खडे वाहून जात नाहीत. लिंबूरस आणि ऑलिव्ह तेल पिऊन जे हिरवे गोळे पडतात, ते त्या तेलाचाच साबण असतो. असले उपाय तुला फोनवर कुणी पाठवले तर सरळ पुसून टाक.

एक मात्र नक्की विचार. खडे सोनोग्राफीत सहज दिसले आणि त्रास काहीच नसेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. तुला तीनदा कळ येऊन गेली, म्हणून तुझी गोष्ट वेगळी. पण ताप, थंडी, कावीळ, गडद लघवी यातलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. खडा पित्तनलिकेत अडकला तर आजीसारखं होतं, आणि स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेततं.

तू श्टुटगार्टला राहतोस. शेजारच्या ब्योब्लिंगेनच्या रुग्णालयात एरिख म्यूह या सर्जनने 12 सप्टेंबर 1985 रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. जगात पहिल्यांदा. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या संस्थेच्या परिषदेत त्याची हेटाळणी झाली आणि 1992 मध्ये त्याच संस्थेने त्याचा गौरव केला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी हे ऑपरेशन 1990 मध्ये केलं. बरगीचं धरण पुरं झालं तेही त्याच वर्षी. आजी बारा-तेरा वर्षं आधी आजारी पडली, हा विचार मावशीच्या मनातून जात नाही.

मावशीचं स्वतःचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी जबलपुरात झालं. चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. पण रात्री उजवा खांदा असा ठणकला की तिला वाटलं हृदयाचंच काही झालं. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो आणि दोन-तीन दिवसांत थांबतो, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुला आता माहीत आहे, तू घाबरू नकोस. त्याच दिवशी उठून चाल, काही आठवडे जड उचलू नकोस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांग. आत फार चिकटलेलं असलं तर सर्जन दुर्बीण सोडून पोट उघडतात. त्यात त्यांची हार नसते, तुझी सुरक्षितता असते. हजारांत दोन-चार जणांच्या पित्तनलिकेला इजा होते. म्हणून घरी आल्यावर दुखणं वाढत गेलं, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर उशीर नको.

घरात आजी, मावशी आणि आता तू. हे खडे घराण्यात चालत येतात. मराठीही अशीच चालत आली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य 1817 मध्ये इथून गेलं, 1956 मध्ये जबलपूर आणि नागपूर वेगळ्या राज्यांत पडले, तरी या घरात दाराबाहेर हिंदी आणि दाराआत मराठीच राहिली. तुझी लेक परवा मावशीला 'हालो' म्हणाली आणि पुढे तिला शब्दच सापडेना. मावशीला वाईट वाटलं. रोज झोपताना दहा मिनिटं तिच्याशी मराठीत बोल. छोटी लाईन 2015 मध्ये बंद झाली, पण तांब्याची गोष्ट तिला सांगता येईल.

आणि शेवटचं. काढलेली पिशवी तपासणीला पाठवतातच ना, हे विचार. उत्तर भारतात, गंगेच्या पट्ट्यात तर फारच, पित्ताशयाचा कर्करोग जास्त आढळतो, आणि कधी कधी तो या तपासणीतच कळतो. आजीच्या वेळी कुणी तपासली की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या तपासणीचा कागद हातात पडला की लगेच मावशीला फोटो पाठव.

तुझी,
मावशी