दुसरी व चौथी मात्रा

कोणतेंहि नवें गाणें कानीं पडलें म्हणजे आम्ही शिकलेली मंडळी त्यास दोनच प्रश्न विचारतों: चाल कशी आहे, आणि शब्द कसे आहेत? उत्तरें समाधानकारक आलीं तर गाणें चांगलें, न आलीं तर टाकाऊ. नाट्यपदांवर व भावगीतांवर ज्यांचे कान घडले त्यांस ही परीक्षा अगदीं स्वाभाविक वाटते, आणि त्या गाण्यांपुरती ती योग्यहि आहे. परंतु गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत जन्मलेलें व पुढें साऱ्या जगांत पसरलेलें जें रॉक संगीत, त्यासहि हीच परीक्षा लावून आमचे कित्येक स्नेही त्याचा निकाल लावून मोकळे होतात. "चाल चार सुरांची, शब्द पोरकट, आणि बाकी सगळा दणदणाट," असे उद्गार एका विद्वान सहकाऱ्यांनीं आमच्या देखत काढिले. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या 'बाकी'मध्येंच गाणें आहे.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरतों. संगीतशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. लहानपणीं सात-आठ वर्षें तबला शिकलों, आणि पुढें वसतिगृहांत असतां शेजारच्या खोलींतील विद्यार्थ्याच्या कॅसेटी रात्ररात्र ऐकल्या, एवढीच पुंजी. पण तबल्याचा आम्हांस येथें फार उपयोग झाला. कारण या संगीतांत शिरावयाचें तर दार तालाच्या बाजूस आहे.

त्याचा नेहमींचा ताल चार मात्रांचा. एक, दोन, तीन, चार असें मोजीत गेलें असतां पहिल्या मात्रेवर मोठा जोर व तिसरीवर त्याहून थोडा कमी, हा यूरोपांतील जुन्या संगीताचा व लष्करी बँडचा शिरस्ता. आमच्याकडेहि गवई कोठेंहि भटकून आला तरी टेकावयाचें पहिल्या मात्रेवर, समेवर. रॉक संगीतानें यांत उलटापालट केली. पायानें वाजविण्याच्या मोठ्या ढोलाचा घुमारा पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर राहिला. पण स्नेअर नांवाचा जो चपटा, तळाशीं तारा ताणलेला ढोल असतो, त्याच्यावर काठीचा कडक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येऊं लागला. यास तिकडे बॅकबीट म्हणतात. वाचकांनीं घरीं प्रयोग करून पाहावा: एक व तीनवर पाय टाकावा, दोन व चारवर टाळी वाजवावी. पाय खालीं ओढतो आणि टाळी वर उचलते, असें कांहींसें होतें. अंग स्वस्थ राहत नाहीं. समेवर आपण मान डोलवितों व क्षणभर विसांवतों; येथें विसांवण्यास जागाच ठेविलेली नाहीं. ज्यांना यांत निव्वळ दणदणाट ऐकूं येतो ते बहुधा एक व तीनवर टाळी वाजवीत असतात.

ही टाळी अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतून आली. ध्वनिमुद्रिकेवर ती आरंभापासून अखेरपर्यंत अशी ठामपणें वाजविण्याचें श्रेय ज्यांना देतात त्यांत अर्ल पामर यांचें नांव अग्रभागीं आहे. १९४९ च्या डिसेंबरांत न्यू ऑर्लिन्स शहरीं फॅट्स डॉमिनो यांचें 'द फॅट मॅन' हें गाणें मुद्रित झालें, त्यांत ढोल पामर यांचा. तेथील जॅझ बँडांत शेवटच्या फेरीला रंग भरावयाचा म्हणून दोन व चारवर जोर देण्याची चाल होतीच. पामर यांनीं शेवटच्या फेरीची ती चैन सबंध गाण्याला दिली. पुढें १९५५ सालीं लिटल रिचर्ड यांच्या 'टूटी फ्रूटी'लाहि ढोल त्यांचाच. 'द फॅट मॅन'चे कर्ते म्हणून मात्र डॉमिनो व डेव्ह बार्थोलोम्यू यांचीं नांवें आहेत. पामर हे साथीदार. दिवसाचें काम केलें, मजुरी घेतली, घरीं गेले. २००० सालीं त्यांचा रॉकच्या सन्मान-मंदिरांत प्रवेश झाला, तोहि 'साथीदार' या वर्गांत.

आतां सुरांकडे. हार्मोनियम जवळ असेल त्यांनीं सा-ग-प हे तीन शुद्ध स्वर एकदम दाबावे; मग म-ध-सा, आणि मग प-नी-रे. या तीन कॉर्डांवर रॉक संगीताचा फार मोठा भाग उभा आहे. कोणी म्हणेल, तीनच? पण त्या तिहींत मिळून बिलावलाचे सातहि स्वर येऊन जातात. कोणतीहि साधी चाल त्यांवर उभी राहूं शकते. या तीन कॉर्डांची जी सर्वांत जुनी मांडणी, ती ब्लूज नांवाच्या गाण्यांतून आली. तीत चार-चार मात्रांचे बारा खंड: पहिले चार खंड षड्जाच्या कॉर्डवर, दोन मध्यमाच्या, दोन पुन्हां षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन घरीं परत. शब्दांचीहि रीत ठरलेली: एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. दोनदां म्हणतांना पुढची ओळ सुचण्यास गाणाऱ्याला अवधि मिळतो, ही त्यांतली व्यावहारिक सोय. जात्यावरच्या ओवीप्रमाणें हा सांचा कोणा एकाचा नाहीं. ज्याला दुःख आहे त्यानें त्यांत आपले शब्द घालावे. चक बेरी यांचें १९५८ चें 'जॉनी बी. गूड' याच बारा खंडांवर रचलेलें आहे. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळांत धाडली तिच्यावर तें आहे, आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीहि आहे. या शेजाराचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें.

ब्लूजवाले गंधार, पंचम व निषाद किंचित् उतरवून लावतात. तो गंधार ना कोमल ना शुद्ध. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटींत तो पडतो. यूरोपीय कानांना हा सूर चुकल्यासारखा वाटला यांत नवल नाहीं. दरबारीचा आंदोलित गंधार ऐकून वाढलेल्या माणसाला त्याची फोड करून सांगावी लागूं नये. गिटारवाला तार बोटानें आडवी ओढून तो सूर काढतो. आपले सतारिये मींड घेतात तीच ही क्रिया.

रिफ म्हणजे चार-सहा सुरांचा तुकडा, जो गाण्याच्या बुडाशीं पुनःपुन्हां वाजत राहतो. आम्हां तबलेवाल्यांना याची ओळख लेहऱ्यावरून पटते. मात्र लेहरा हा सेवक. समेचा पत्ता देत राहणें एवढें त्याचें काम, आणि त्याच्याकडे कोणाचें लक्ष जाऊं नये हाच त्याचा गुण. रिफ ही घरची धनीण आहे. रोलिंग स्टोन्सचें १९६५ चें 'सॅटिस्फॅक्शन' किंवा डीप पर्पलचें १९७२ चें 'स्मोक ऑन द वॉटर' एकदां ऐकलेल्यांस शब्द आठवणार नाहींत कदाचित्. पण गिटारवरचा तो आरंभींचा तुकडा विसरूं म्हणतां विसरत नाहीं. कडवें, ध्रुपद आणि मधला पालट यांविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं; तें आपल्या पदांतहि थोड्याफार फरकानें आहे.

नादाची जात ही याहून महत्त्वाची. गिटारचा आवाज विजेनें वाढवितांना यंत्राच्या ताकदीपलीकडे ताणला कीं तो फाटतो. यंत्रज्ञाच्या लेखीं हा दोष. या मंडळींनीं त्याचा अलंकार केला. लिंक रे यांनीं १९५८ च्या 'रंबल'साठीं ध्वनिवर्धकाच्या पडद्याला भोकें पाडून हवा तसा खरखरीत आवाज मिळविला. त्या चिजेंत एकहि शब्द नाहीं. तरी अमेरिकेंतील कांहीं नभोवाणी-केंद्रांनीं ती वाजविण्याचें नाकारिलें. शब्दांवांचून केवळ नादाला लोक भ्यावे, एवढें बळ त्यांत असतें.

हें सर्व विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, दोन वर्षांपूर्वीं आमच्यावर एक निवाडा करण्याची पाळी आली. आमच्या महाविद्यालयांतील पांच विद्यार्थ्यांच्या बँडचें एक गाणें विद्यार्थ्यांत फार लोकप्रिय झालें, आणि गाणीं प्रसिद्ध करणाऱ्या एका कंपनीनें तें घ्यावयाचें ठरविलें. कंपनीच्या अर्जांत दोनच रकाने होते: गीतकार व संगीतकार. शब्द व चाल दोन्हीं गाणाऱ्या मुलाचीं. त्यानें दोन्ही रकान्यांत आपलें नांव घातलें. पण तें गाणें लोकांना आवडलें तें ढोल वाजविणाऱ्या मुलाच्या ठेक्यामुळें, आणि बास गिटार वाजविणाऱ्या मुलीनें काढलेल्या पांच सुरांच्या रिफमुळें. आरंभींचे तें रिफ लागतांच सभागृह उठून उभें राही. चाल सुरू होण्यास तेव्हां अजून आठ खंड अवकाश असे. हीं दोघें आमच्याकडे आलीं. ढोलवाला म्हणाला, "सर, मी नक्की काय केलं, ते कुठल्या रकान्यात लिहू?"

आम्हीं त्यांना तिकडचे दाखले सांगितले. ते फारसे उत्साहवर्धक नव्हते. चक बेरी मुळांत जॉनी जॉन्सन यांच्या बँडमध्यें शिरले, आणि पुढें वर्षानुवर्षें जॉन्सन त्यांच्या गाण्यांवर पियानो वाजवीत राहिले. अनेक गाण्यांचे सहकर्ते आपण आहों, असा दावा जॉन्सन यांनीं २००० सालीं लाविला. फार उशीर झाला म्हणून २००२ सालीं तो फेटाळला गेला. प्रोकोल हॅरमच्या १९६७ च्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'मधील ऑर्गनची सुरावट मॅथ्यू फिशर यांची. लंडनच्या न्यायालयानें २००६ सालीं त्यांना संगीताच्या हक्कांत शेंकडा ४० वांटा दिला, मध्यंतरीं अपिलांत पैशाचा हक्क गेला, आणि २००९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो परत दिला. पण ती सुरावट होती, कागदावर लिहितां येत होती, म्हणून न्यायाधीशांस दिसली. ठेक्याचें तसें नाहीं. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मध्यें ग्रेगरी कोलमन यांनीं मध्येंच चार खंड एकट्यानें ढोल वाजविला. ते सहा-सात सेकंद पुढें हजारों ध्वनिमुद्रणांत कापून चिकटविले गेले. त्यांवर नृत्यसंगीताचे सबंध प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्याबद्दल एक पैहि मिळाली नाहीं. २००६ सालीं ते वारले तेव्हां त्यांना राहावयास घर नव्हतें.

यावर उपाय म्हणून ठेक्यालाहि मालकी द्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बॅकबीटवर अर्ल पामर यांचा हक्क चालला असता, अथवा बारा खंडांना कोणी कुंपण घातलें असतें, तर हें संगीत न्यू ऑर्लिन्सच्या वेशीबाहेर पडलें नसतें. पण मालकी नाहीं म्हणून कर्तृत्वहि नाहीं, हें मात्र आम्ही मान्य करणार नाहीं. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांना ज्यांच्या बास गिटारनें चालतें केलें त्या जेम्स जेमरसन यांचें नांव वेष्टनावर येण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. नांव छापण्यास कायदा कांहीं आड येत नव्हता.

बास वाजविणारी ती मुलगी मडगांवची. हें ऐकून ती म्हणाली, तिचे आजोबा मुंबईस सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवीत. त्यांनीं सांगितलेल्या गोष्टी अशाच होत्या. तें खरेंच आहे. हिंदी चित्रपटगीतांना कॉर्ड आणि प्रतिसुरावटी दिल्या त्या मोठ्या अंशीं गोव्याच्या वादकांनीं: अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा, आमच्या चितळकरांजवळ काम केलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. चितळकर तथा सी. रामचंद्र यांच्या 'आशा' (१९५७) चित्रपटांतील 'ईना मीना डीका' ऐकावें. रॉकचा वारा मुंबईस किती लवकर पोंचला तें कळेल. या वादकांचीं नांवें पडद्यावर बहुधा येत नसत. आलीं तर सहाय्यक म्हणून. गोन्साल्विस यांचें नांव १९७७ सालीं सर्वतोमुखीं झालें, तें त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यांत गुरूचें नांव गुंफलें म्हणून. आणि गंमत अशी कीं, तें नांव एका खऱ्या माणसाचें आहे हें बहुतेक ऐकणारांस ठाऊक नव्हतें.

आम्हीं निवाडा दिला तो असा: शब्दांचा रकाना गाणाऱ्याचा एकट्याचा, संगीताच्या रकान्यांत पांचहि नांवें. चौघांस तो पटला, गाणाऱ्यास पटला नाहीं. कायद्यानें त्याची बाजू बळकट होती, आणि तसें आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलेंहि. महिन्याभरानें तो शब्द व चाल घेऊन बाहेर पडला, आणि दुसऱ्या वादकांकडून तें गाणें करवून घेतलें. ठेका कायद्यानें कोणाचाच नव्हता, तो चौघांकडे राहिला. आणि पांच सुरांसाठीं कोर्टाची पायरी कोण चढणार, म्हणून रिफहि. त्यांवर त्यांनीं नवें गाणें बसविलें. तें गेल्या संमेलनांत आम्हीं ऐकिलें. चाल विशेष बरी नाहीं. गाणें पहिल्याहून चांगलें आहे.